संत्र्याच्या पाकाच्या अकरा डब्या

नाताळच्या भेटी यंदा प्रत्येकाने घरी करून आणायच्या, खायच्याच आणायच्या आणि माणशी पन्नास रुपयांवर खर्च करायचा नाही, असं रामदासपेठेतल्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ठरलं, तेव्हा पहिला हात वर गेला तिथल्या तंत्रज्ञ भैरवीचा. लॅबच्या प्रमुख साळवे मॅडम दर चोवीस डिसेंबरला सगळ्यांसाठी घरच्या करंज्या आणि केक आणत. यंदा त्या निवृत्त होत होत्या आणि चोवीस तारीख हाच त्यांचा शेवटचा दिवस होता. नऊ वर्षांत भैरवीच्या कुठल्याही कामाला त्यांनी ‘ठीक आहे’च्या पुढचा शब्द दिला नव्हता. तो शब्द मिळवायला आता ही एकच संधी उरली होती.

तिचे सासरे महादेवराव कळमन्याच्या घाऊक बाजारातून संत्री घेऊन आले. तिथे किलोवर कोणी देत नाही, म्हणून त्यांनी अख्खा ढीगच उचलला होता.

“आता आंघोळ बी संत्र्याच्याच पाण्यानं करायची काय वं?” केयूरने, तिच्या नवऱ्याने, विचारलं.

भैरवी साखर तोलत होती. घरातलं सर्वांत मोठं पातेलं पुरेसं मोठं नव्हतं, म्हणून पाक चार खेपांत करावा लागला. प्रत्येक खेपेला तिने रस मोजला, साखर ग्रॅमवर तोलली आणि थर्मामीटर एकशे चार अंश सेल्सिअसवर आला की गॅस बंद केला. पाक पिवळा, नितळ, सुरेख झाला.

अडलं ते बाटल्यांपाशी. इतवारीच्या बाजारात काचेची बाटली आतल्या पाकापेक्षा महाग पडत होती. भैरवीने शांतपणे विचार केला. नवी, सीलबंद, हवाबंद, न गळणारी आणि स्वस्त अशी वस्तू कोणती? उत्तर तिला रोज हाताळून पाठ होतं. सर्जिकलच्या दुकानातून तिने माणशी एक अशा सँपलच्या अकरा डब्या विकत आणल्या, चारही खेपांतला पाक त्यांत भरला आणि उरलेला घरच्या बरण्यांत ठेवला.

ओट्यावर भरून ठेवलेल्या डब्यांतली एक केयूरने उचलून उजेडात धरली.

“भैरवी, याच्यात लोकं काय भरून देतात, मालूम आहे ना तुले?”

“नव्या आहेत. निर्जंतुक आहेत. आपल्या बरण्यांपेक्षा स्वच्छ आहेत.”

“मी स्वच्छतेचं नाही बोलून राहिलो.”

खाण्याच्या वस्तूवर केल्याची तारीख हवी, म्हणून तिने प्रत्येक डबीवर तारखेची चिठ्ठी लावली. लाल फिती दुपारी बांधायच्या असं ठरवून चोवीसला सकाळीच डब्या लॅबच्या जेवणाच्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि घरोघरी रक्त गोळा करायच्या फेरीला ती निघून गेली.

साफसफाई करणाऱ्या जिजाबाईंनी आपला जेवणाचा डबा ठेवायला तो फ्रिज उघडला आणि त्यांचा संतापच झाला. भाजीच्या शेजारी असल्या वस्तू ठेवायला या शिकलेल्या लोकांना लाज कशी वाटत नाही, असं त्या भिंतीला ऐकवत राहिल्या. मग हातमोजे घालून त्यांनी अकराही डब्या उचलल्या आणि जिथे असायला हव्यात तिथे, तपासणीच्या टेबलावर, नेऊन ठेवल्या.

टेबलावर त्या दिवशी बुटीबोरीच्या एका कारखान्यातल्या कामगारांचे लघवीचे नमुने होते. यादी चाळीस जणांची, आले होते एकोणतीस. उरलेले अकरा कुठे गेले म्हणून ते तपासणारा रोहित सकाळपासून वैतागला होता. समोर बरोबर अकरा दिसल्या तेव्हा त्याने देवाचे आभार मानले, नंबरच्या चिठ्ठ्या थंडीने गळून पडल्या असणार असं ठरवलं आणि तीस ते चाळीस हे नंबर स्वतःच लावून टाकले. मग झाकणं उघडून एकेका डबीत तपासणीची पट्टी बुडवली. अकराही पट्ट्यांवर साखर चार प्लस, म्हणजे पट्टी दाखवू शकते तेवढी सगळी.

त्याने घाबरून कारखान्यात फोन लावला. या अकरा जणांना असतील तसे दवाखान्यात न्या, असं सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला की ते अकराही जण परवापासून गावी गेले आहेत, त्यांनी काही दिलेलंच नाही.

भैरवी साडेअकराला परतली तेव्हा सगळी लॅब टेबलाभोवती उभी होती. साळवे मॅडमच्या हातात एक कागद होता.

“मी दहापट पातळ करून पुन्हा मोजलं,” मॅडम म्हणाल्या. “हे कोणाचं आहे?”

“माझं आहे,” भैरवी म्हणाली.

रोहित एक पाऊल मागे सरकला.

“म्हणजे मी केलंय. घरी.”

याने परिस्थिती सुधारली नाही. “अवं माय,” जिजाबाई पुटपुटल्या. भैरवीने पर्समधून अकरा लाल फिती काढून टेबलावर ठेवल्या आणि संत्र्यांपासून सर्जिकलच्या दुकानापर्यंत सगळं क्रमाने सांगितलं. कोणी हसलं नाही. कोणी डबीला हातही लावला नाही.

मॅडमनी कागदावरून नजर उचलली नाही. “एकाच पातेल्यातलं?”

“नाही. चार खेपा केल्या.”

मॅडमनी चष्मा सारखा केला आणि आकडे वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचले. “चार खेपा, अकरा डब्या, आणि आकडा एकच. चौतीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नाही. उत्कृष्ट काम आहे, भैरवी.”

मग त्यांनी तो कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि तपासणीच्या टेबलावर आलेलं सगळं नियमाप्रमाणे टाकून द्यायला सांगितलं. अकराही डब्या भैरवीनेच मोरीत ओतल्या.

संध्याकाळी केयूरने दारातच विचारलं, “मॅडमले आवडलं का?”

“खूप,” भैरवी चपला काढत म्हणाली. “चाखलं मात्र कोणीच नाही.”