चिंधीआईचा दिस

ठकूआत्या बुधवारी आपल्या हातानं पानी पेत न्हवती. हंडा भरल्याला आसू द्या, तांब्या म्होरं आसू द्या, ती वंजळ धरून उभी ऱ्हायाची आन् म्हनायची, "वता गं कुनीतरी." कुनी वतलं न्हाई तर तशीच बसायची, व्हट वाळवून. बुधवारी आपलं पानी आपुन घ्यायचं न्हाई. का, तर "माजी सासू सांगायची."

बुधवारचं येक झालं. सोमवारी तिला भाकरीला मीठ लागायचं ते शेजारच्या घरचं. बेस्तरवारी आपली फनी आपल्या डोक्याला लावायची न्हाई, दुसरीनं केस इंचरायचे. सुकरवारी घरातनं भायेर पडायच्या आदी कुनाला तरी इचारायचं, "येऊ का जाऊन?" आन् त्या मानसानं "जा" म्हनायचं. आमच्या आळीत सुकरवारी सकाळी उंबऱ्यात उभी राहून आत्या वाटंनं जानाऱ्याला आडवायची. येकदा येस्टी चुकत हुती म्हनून येक पाव्हना पळत निगालेला, तर त्यालाबी धरला. त्यो पळता पळता "जा, जा, जा" म्हनत गेला. आत्या म्हनली, "तीनदा म्हनला. तीन सुकरवारचं झालं."

गावच्या भटजींनी तिला सांगून बगितलं, पंचांगात आसलं काय बी न्हाई. आत्या म्हनली, "तुमचं पंचांग पुन्याला छापत्यात. ह्ये हितलं हाय."

बाया हसायच्या. येडी म्हनायच्या. पन वंजळीत पानी वतायच्याबी, कारन न वतावं तर उगं मनाला लागून ऱ्हायाचं.

बहात्तरचा दुष्काळ पडला तवा आमी समद्या खडी फोडायला गेलो. काष्टीच्या अलीकडं रस्त्याचं काम निगालं हुतं. आमचे मालक बैलं घिऊन छावनीला गेल्ते, घरी दोन पोरं, आन् खायाला रेशनची परदेशी जवारी, तांबडा मिलो. त्याची भाकर थापावी तर तव्यावर जायाच्या आदी तुटायची. तसंच खाल्लं. खाल्लं म्हनून हाय.

कामावर रांगंनं बसायचं, परतेकीम्होरं आपला ढीग. माज्या डाव्या अंगाला ठकूआत्या, उजव्या अंगाला शेवंता. शेवंताची जीभ हातोडीच्या वर. सकाळी सकाळी इचारायची, "आत्या, आज काय हाय?" आत्या सांगायची. शेवंता म्हनायची, "त्ये समदं ऱ्हाऊ द्या. खडी न फोडायचा दिस कवा येतू, तेवडा सांगा."

"त्यो हाय," आत्या म्हनायची. "त्याला चार मानसं उचलाया लागत्यात."

ह्या शेवंताचं माहेर आन् आत्याचं सासर येकाच गावचं. येक दिस ती माज्या कानाशी लागली. "हौसा, ही सासू सासू करती, पन हिला सासू कुठनं आली? हिचा नवरा रांगत हुता तवाच त्याची आई गेली. गावाला ठावं हाय." मी दगूड म्होरं वडला आन् फोडत बसले. पन त्या दिवशी बेस्तरवार हुता, आन् आत्याची येनी मीच घातली हुती. फनी लावायला दुसरं मानूस तिच्या घरात न्हवतं. मीठ तरी ती कुनाच्या संगट खानार हुती. मंग मला समदे वार येकदम दिसले. येकबी वार असा न्हवता, जो येकटीला पाळता यील.

म्होरच्या हप्त्यात मंगळवारी माज्या आंगठ्यावर हातोडी बसली. नख गेलं, आंगठा वांग्यावानी सुजला. चिंधी बांदली नि बसले, पन निम्मं काम व्हईना. मुकादमानं सांगून ठिवलं हुतं: शनवारी सायेब येनार, परतेकीचा ढीग मापाच्या पेटीनं मोजनार. दोन पेट्या भरल्या न्हाईत तर नाव मस्टरवरनं काडनार. बेस्तरवारच्या सांजंला माजा ढीग येक पेटीबी न्हवता. नाव गेलं तर पोरांच्या म्होरं मिलोबी न्हाई. रडून खडी फुटत न्हाई, म्हनून रडले न्हाई.

सुकरवारी सकाळी आत्या रांगंत उभी ऱ्हायली आन् लुगड्याचा पदर खोचला. "आज चिंधीआईचा दिस हाय," म्हनली. "जिच्या हाताला चिंधी बांदल्याली आसंल, तिच्या ढिगावर परतेकीनं आपली दोन पाट्या खडी टाकायची. न टाकंल तिचं ती बगंल."

समद्या माज्या आंगठ्याकडं बगायला लागल्या. मला धरनी पोटात घील तर बरं असं झालं.

शेवंता म्हनली, "माज्या लुगड्याला सात ठिगळं हायती. मला किती पाट्या?"

"ठिगळ शिवल्यालं आसतं. चिंधी बांदल्याली आसती."

मुकादम वरडत आला. "काय चाललंय? ह्ये नेमात बसत न्हाई."

"तुमच्या नेमात कुनी कुनाच्या ढिगावर टाकायची न्हाई, असं लिवलंय का?"

मुकादमाला आपल्या पायाला काटा लागल्याला आठवला, हासत म्हनला, "माज्याबी पायाला चिंधी हाय, आत्या."

"मंग तुमचा ढीग दावा."

रांग खदाखदा हासली. हासता हासता येक उठली, दोन पाट्या वतून गेली. मंग दुसरी. देवाचं भ्या म्हना, आत्याच्या तोंडाचं भ्या म्हना, दुपारपतूर माजा ढीग माज्या गुडघ्याच्या वर आला. शेवंतानं तीन टाकल्या. म्हनली, "येक ठिगळाची."

शनवारी सकाळी सायबाची जीप यायच्या आदी मी सहज डाव्या अंगाला बगितलं. आत्याचा ढीग पार बसला हुता. दोन पाट्याचं नुसतं नाव. तिनं धा-बारा वतल्या हुत्या माज्यावर, मी पानी प्यायला गेल्यावर. आन् आता मिसरी लावत बसली हुती, जसं काय तिचं आन् मोजायच्या पेटीचं कायबी नातं न्हाई.

मी पदराची किनार दातानं फाडली. तिचं बोट धरलं आन् बांदली. मंग रांगंत उभी ऱ्हायले. जल्मात चार मानसांत बोलले न्हवते. म्हनलं, "आज चिंधीआईचा दुसरा दिस हाय. काल जी आपला ढीग इसरली तिचा."

शेवंता म्हनली, "ह्यो कुनी सांगितला?"

"माज्या सासूनं."

माज्या सासूनं उभ्या जल्मात मला येकच सांगितलं हुतं, चूल पेटीव नि गप बस. पन समद्या आत्याकडं बगाय लागल्या. दिस खरा का खोटा, ते तीच ठरवनार. आत्यानं बोटाकडं बगितलं, लई येळ. मंग म्हनली, "व्हय. हाय असा दिस. माजी सासूबी सांगायची."

पयली पाटी शेवंतानं उचलली. 

जीप आली, ढीग मोजलं, दोघींचीबी नावं ऱ्हायली. सांजंला गावाकडं चालत निगालो. बाकीच्या म्होरं गेल्या. आत्याच्या बोटाला किनार तशीच.

"सोडा की आता," मी म्हनलं. "दिस सपला."

"सपला का न्हाई, ते मी सांगनार."

थोडं चाललो. तिच्या घराचा फाटा आला. ती थांबली, चिंधी नीट केली, आन् माज्याकडं न बगता म्हनली, "हौसा, तुजी सासू आजून काय काय सांगायची गं?"

"लई सांगायची, आत्या," मी म्हनलं. "रोज येक सांगीन."