शेवटच्या परिच्छेदातली मावशी

सून घरी बसून कसल्याशा बातम्या लिहिते, एवढंच सासूबाईंना ठाऊक होतं. कुठल्या संकेतस्थळासाठी, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि सुनेनेही शहाणपणाने सांगितलं नव्हतं. कारण त्याच संकेतस्थळाच्या नावाने सासूबाई रोज सकाळी बोटं मोडत. मोबाइल नाकाला लावून त्या नटनट्यांची एकेक बातमी चिकाटीने वाचत जायच्या. मध्ये गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात, टकलावर केस उगवण्याची जाहिरात, पुन्हा तेल, आणि तळाशी काहीच नाही. "डोंगर पोखरून उंदीरसुद्धा नाही," त्या म्हणायच्या. सून मांडीवरच्या बाळाचं नाक पुसत बसायची.

कामाचा नियमच तसा होता. मथळ्यात सगळं सुचवायचं, नाव कुणाचं घ्यायचं नाही, आणि माहिती असलीच तर शेवटच्या परिच्छेदात. मंगळवारी बाळाला ताप होता. संपादकाने एक फोटो धाडला: राखाडी भिंतीपुढे पिकल्या केसांची एक बाई, एकेकाळी मालिकेत आईचं काम करणारी. बाकी माहिती शून्य. एका हाताने बाळाला थोपटत सुनेने दुसऱ्या हाताने मथळा दिला, 'मालिकेतली ही आई आठवते का? आज जगतेय असं आयुष्य, की पाहून डोळ्यांत येईल पाणी.' खाली दोनशे शब्दांचा भुसा भरला आणि बाळाला औषध पाजायला उठली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा चहा पुढ्यात गार झाला. ती बातमी त्या चौथ्यांदा वाचत होत्या. सुनेला तिच्या नवऱ्याने स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं, की ती बाई म्हणजे आईची धाकटी बहीण. आजी गेली तेव्हा मावशी चित्रीकरण सोडून आली नव्हती. तेव्हापासून नऊ वर्षं घरात तिचं नाव काढायची बंदी होती, फोटोही नव्हता. लग्नाला चार वर्षं झालेल्या सुनेला ती ओळखू येणार कशी?

बातमीतल्या रिकाम्या जागा सासूबाईंनी स्वतःच भरल्या. भिंत राखाडी, म्हणजे भाड्याची खोली. केस रंगवलेले नाहीत, म्हणजे उपासमार. दुपारपर्यंत बहीण पार रस्त्यावर आली होती. त्यांनी पीठ, साखर, दोन चादरी आणि स्वतःचा स्वेटर बांधून घेतला. मुलाला सुट्टी मिळेना, म्हणून टॅक्सीत सून आणि तिच्या मांडीवर बाळ. खरं सांगायला सुनेने तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा बाळाने तिच्याआधी उघडलं.

मुलाने मिळवून दिलेल्या पत्त्यावर लिफ्टची इमारत निघाली. दार उघडणारी मावशी इस्त्रीच्या कपड्यांत होती. तिने आधी गाठोड्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"मी कशी जगतेय ते बघायला आलीस?"

"त्यात लिहिलं नव्हतं, म्हणून आले," सासूबाई म्हणाल्या.

मावशी जरा वेळ दार धरून उभी राहिली. "मीही शेवटपर्यंत वाचलं. म्हटलं, बघू तरी."

सासूबाई चपलांसकटच आत टेकल्या, आणि दोघींनी बातमी लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत होत होतं, म्हणून सून आणखी थोडा वेळ गप्प बसली. मग तिला राहवेना.

"मावशी, ते मी लिहिलंय."

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की बाळसुद्धा चिडीचूप झालं. मावशीला मात्र फारसा राग आला नाही. ती म्हणाली, "फोटो तरी नीट बघायचास गं. ती इस्पितळाची भिंत आहे. ऑपरेशन करून घरी निघाले होते. कुणीतरी ओळखलं आणि काढला."

"सोबत कोण होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"टॅक्सीवाला."

"कसलं ऑपरेशन?"

मावशीने उठून पडदा सारखा केला. साखर डब्यात ओतली. बाळ कुणावर गेलंय ते सांगितलं, यंदा लिफ्ट फार बिघडते तेही सांगितलं. सासूबाई हलल्या नाहीत. शेवटी पाठमोरीच ती म्हणाली, "पोटात गाठ होती. काढली. तपासणीचं अजून कळायचंय."



"हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना गं," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेकडे न बघता त्यांनी पायातल्या चपला काढून भिंतीशी नीट लावल्या. "तू बाळाला घेऊन घरी जा. मी राहतेय."