मुनीमजींचं गोड पान

गुलाबराव मुनीम टांग्यात बसले की कुठे जायचं ते सांगत नसत. "चाल," म्हणायचे. मग "डावा घे," "आता सिदा." टांगेवाला त्यांच्याच भिंतीपलीकडे राहायचा, तरी घरी जातानाही हाच क्रम. "बात फुटली नाई पायजे," हे त्यांचं ब्रीद.

अमरावतीच्या एका कापूस कंपनीत ते मुख्य कारकून, मी नवा टायपिस्ट. आमच्या घरातला पहिला बी.ए. हे काम त्यांनीच मला दिलं, म्हणून त्यांचा विषय निघाला की मी आजही सरळ बसतो. टीपकागदावर उलटी अक्षरं उमटतात म्हणून ते तो रोज जाळत. डब्यात भाजी कोणती, विचारलं तर म्हणत, "काहून? तुले काय करायचं हाये, बी.ए.?"

त्यांच्या बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "यायनं लग्नाची तारीखबी माह्या बापाले उशिराच सांगतली असन."

याला कारण होतं. उद्या कापसाला काय भाव द्यायचा, ते शेठजी संध्याकाळी ठरवत आणि फक्त मुनीमजींच्या कानात सांगत. एका हंगामात मात्र भाव चढायचा असला की दुसऱ्या कंपनीचे दलाल पहाटेच वलगावच्या रस्त्यावर उभे. बाजाराला निघालेल्या गाड्या ते जुन्या भावात उचलत. शेतकरी फसायचा आणि आमचं आवार रिकामं राहायचं.

मुनीमजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. "फोडणारा सापडला का त्याच दिवशी घरी धाडतो," असा त्यांनी शेठजींना शब्द दिला. शिपायाची उलटतपासणी झाली. माझ्या टाइपरायटरची फीत त्यांनी उन्हात धरून वाचली.

उत्तर मला पानठेल्यावर मिळालं. मुनीमजी पुडी घेऊन नुकतेच गेले होते. पानवाला कात लावता लावता म्हणाला, "मुनीमजीनं गोड पान नेलं. उद्या भाव चढते." शेजारी उभ्या दलालानं चहा अर्धा टाकला आणि सायकल काढली.

मी धावत मुनीमजींना गाठून सांगितलं. ते रस्त्यातच थांबले.

"मी कास्तकाराचा पोरगा," ते हळू म्हणाले. "भाव चढनार म्हटलं का जीव खुश होते. कोनाले सांगता येत नाई, बायकोलेबी नाई. मंग तिच्यासाठी पान घेतो." मग पुडीकडे पाहत, "तोंडाले कुलूप लावलं, बी.ए. हाताले लावाचं राह्यलं."

सकाळी त्यांनी शेठजींपुढे किल्ल्या ठेवल्या. "फोडणारा सापडला. मीच हावो. घरी चाललो."

शेठजींनी किल्ल्या परत त्यांच्याकडे सरकवल्या. "घर जाओ, मुनीमजी. लेकिन शाम को. और पान लेके जाना. रोज."

भाव चढो की पडो, पान रोज जाऊ लागलं. दलाल गोंधळले, वलगावचा रस्ता मोकळा झाला. काकू लाल ओठांनी शेजारणींना सांगत, "मानूस सुदरला, बाप्पा."

पुढे मी अकोल्याला नोकरीला गेलो. काही वर्षांनी अमरावतीला आलो तर कंपनी बंद पडलेली, आणि मुनीमजी ठेल्यावर पान बांधून घेत उभे.

"आता कोनता भाव लपवता, मुनीमजी?"

त्यांनी मागे पाहून घेतलं. "बंद केलं तं तिले वाटन, समदं कंपनीसाठीच होतं." पुडी रुमालात गुंडाळली. "बात फुटली नाई पायजे."

मग ते टांग्यात चढले आणि टांगेवाल्याला म्हणाले, "घरी ने."