उशाची फळी

रंगाचा दुसरा हात देऊन झाला तरी गिटारच्या पोटावरचा वीतभर पिवळट डाग जसाच्या तसा, हे पाहून देवेशने ब्रश डब्यात आपटला. बाकी सगळीकडे तपकिरी रंग झकास चढला होता. तेवढ्या जागी मात्र लाकूड रंगाला दाद द्यायला तयार नव्हतं.

गिटारची ही फळी साधीसुधी नव्हती. देवेशचे बाबा, वैजनाथराव, अकरा महिने ज्या सागवानी पलंगावर पडून होते आणि ज्यावरून ते उठलेच नाहीत, त्या पलंगाची ही उशाकडची फळी. तेराव्याला पलंग गुरुजींना दान द्यायचा ठरला होता. पण गुरुजी राहतात तिसऱ्या मजल्यावर. त्यांनी जिना आठवून घडीची लोखंडी खाट पसंत केली आणि पलंग घरातच राहिला. बाबांचं काहीतरी घरात वाजतं राहावं, म्हणून देवेशने ती फळी कापून तिची गिटार करायला घेतली आणि तीन महिन्यांचे रविवार तिच्यात घातले. माणूस गेल्यावर पोरांना जे सुचतं ते असंच उशिरा सुचतं.

गल्लीतले सुतार युसूफचाचा येऊन डागावर बोट फिरवून गेले. बोट हुंगून म्हणाले, "बेटा, तेल मुरलं हाये लकडीत. डोक्याचं तेल. त्याच्यावर रंग नाई चढत. थिनर मारून पाह्य."

देवेशने थिनर मारलं. तेल निघायचं सोडून पसरलं. डागाला खाली मान फुटली आणि दोन्ही बाजूंना कान आले. त्यावर त्याने घाईघाईने पॉलिशचा हात दिला, आणि ते वाळायच्या आत डोणगावहून जनकाआत्या दारात हजर झाली.

"भाऊ!" तिने पिशवी टाकली. "आला व माय, माहा भाऊ आला!"

"आत्या, तेल हाये ते."

"तुह्या बापाचं डोकं मले ओळखू येत नाही का बे? पलंग दान नाही केला, म्हनून जीव अडकला त्याचा!"

तिने डागावर कपाळ टेकलं आणि बरोबर मधोमध कुंकू लावलं. पॉलिश ओलं होतं, त्यामुळे कुंकू कायमचं बसलं. आता डोक्याला टिळाही होता, शंका घ्यायला कोणाला जागाच उरली नाही. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली पाया पडून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने बीबी गावाहून रंगरावकाका आले. त्यांनी हात जोडले आणि आधी कामाचं, शेताच्या बांधाचं विचारलं, "भाऊ, तो धुरा माह्याच वावरात येते ना?" डाग काही बोलला नाही. काकांनी तो होकार धरला. मग त्यांनी जाहीर केलं की आजच्या आज हे पैनगंगेत शिरवायचं, विसर्जन करून टाकायचं.

"काका, तीन महिने घातले मी याच्यात."

"तुह्या बापानं अकरा महिने घातले याच्यावर. बोल."

देवेशचे डोळे भरून आले. बाबांना एकदा पोचवून झालं होतं, आता पुन्हा पोचवायचं होतं. काकांनी गिटार पांढऱ्या फडक्यात गुंडाळून बगलेत मारली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून शकुंतलाबाई, देवेशची आई, हात पुसत बाहेर आली. दोन दिवस घरात एवढी जत्रा भरली होती, पण तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

"कोनाले शिरवता भाऊजी?"

"भाऊले, वहिनी. जीव मोकळा होईन त्याचा."

"त्यायचं डोकं तं उशीवर होतं. फळीले कधी टेकलंच नाही. अन् त्यायनं जन्मात डोक्याले तेल लावलं नाही."

"मंग हे कोन हाये?" आत्याचा आवाज बारीक झाला.

"अकरा महिने मी पलंगाच्या काठावर बसून त्यायले चमच्यानं भरवलं. पाठ भरून आली का डोकं फळीले टेकवत होती. माहं डोकं हाये ते. जित्तेपनीच शिरवता काय मले?"

काकांनी बगलेतली गिटार हळूच देवेशच्या हातात दिली आणि बसची वेळ विचारली. देवेशला आधी हसू आलं, मग लाज वाटली. अकरा महिन्यांत त्याने बाबांची तब्येत रोज विचारली होती, आईची एकदाही नाही.

जनकाआत्या मात्र भिंतीला धरून उभी होती. ज्या वहिनीला तिने तीस वर्षांत कधी 'ये, बस' म्हटलं नव्हतं, तिच्या टाळूवर कालपासून पाचदा कपाळ टेकून झालं होतं.

"मंग कालच काऊन नाही बोलली व तू?"

"बोलनारच होती, वन्सं," शकुंतलाबाई म्हणाली. "पन या घरात पयल्यांदाच कोनी माह्या पाया पडून राह्यलं होतं. म्हटलं, होऊ द्या अजून थोडा वेळ."