दोन तोंडांचं कोठार

एका जंगलात दोन कोठारं होती आणि कोणाची काही तक्रार नव्हती. खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी, बाळांनो. पण तक्रार नसली की कारभाऱ्यांना करमत नाही.

एक कोठार नदीकाठच्या गुहेत होतं. तिथे टिटवी बसायची. ती पंजा बघून माल द्यायची. दुसरं टेकडीवरच्या गुहेत. तिथे रानडुक्कर. तो वास घेऊन माल द्यायचा. पेढीवरचा जुना माणूस गिऱ्हाइकाला लांबून चालीवरून ओळखतो ना, तसंच हे.

त्या हिवाळ्यात परदेशातून एक करकोचा आला. एका पायावर उभा राहून बोलायचा, म्हणून सिंहाला तो फार विद्वान वाटला.

"दोन कोठारं? छे, छे!" करकोचा म्हणाला. "मधून बोगदा खणा. कोठार एक, तोंडं दोन. कुठूनही ठेवा, कुठूनही न्या. फक्त कोणता पंजा म्हणजे कोणता वास, एवढं जुळवायचं. त्याला मॅपिंग म्हणतात."

बोगदा लगेच झाला. सिंहाने त्यातून ऐटीत फेरीही मारली. जुळवाजुळव तेवढी राहिली. तिच्यात ऐट नव्हती.

नदीत गोदी नावाची पाणमांजरीण राहायची. पदरात तीन पिल्लं. डोह आटणार हे ओळखून तिने हिवाळाभर मासे सुकवून कोठारात ठेवले होते. डोह आटला. चिखलात चिंबोरीसुद्धा उरली नाही. पिल्लं भुकेने कुईकुई करायला लागली, तशी गोदी कोठाराकडे धावली.

टिटवी म्हणाली, "आज हे तोंड देखभालीसाठी बंद. टेकडीवर जा, गोदीबाई. कोठार एकच आहे आता."

गोदी उन्हातून टेकडी चढली. रानडुकराने तिला हुंगलं.

"हा वास आपल्याकडे नाही."

"अहो डुकरदादा, हा पंजा बघा की! बोटांमध्ये पडदा आहे. असा पंजा दुसऱ्या कोणाचा आहे का इथे?"

"पंजा नदीकडे चालतो. इथे वास."

"मग करकोचेसाहेबांनी जुळवलंय ना दोन्ही?"

"टेकडीवाल्यांचं जुळवलंय. नदीवाल्यांचं व्हायचंय. तोवर तुम्ही बेवारशी."

"आणि माझे मासे?"

"तेही बेवारशी. त्या कोपऱ्यातला ढीग. बेवारश्यांपैकी कोणीही त्यातलं कितीही न्यावं. ह्याला शेअरिंग म्हणतात."

कोपऱ्यात खवले उरले होते. त्यांच्यावर कोल्हा बसला होता, शेंडीपासून शेपटीपर्यंत चिखलाने माखलेला. त्याच्या अंगाला कसलाच ओळखीचा वास नव्हता.

"या गोदीताई, या," तो मिशा चाटत म्हणाला. "मीही बेवारशीच हो. उघडा पडलोय अगदी."

"मेल्या, माझ्या पिल्लांच्या तोंडचा घास तो!"

"तुमचा? पण तुम्हाला तर इथे कोणी ओळखत नाही."

गोदी तडक करकोच्याकडे गेली. "साहेब, कोपऱ्यातले गेले, पण माझे अर्धे मासे अजून बोगद्यात पडून आहेत. एकदा टिटवीला नि डुकराला माझ्यासमोर एकत्र उभं करा. एकाने पंजा बघायचा, एकाने वास घ्यायचा. झालं!"

करकोच्याने पाय बदलला. प्रत्येकाला असं समोर उभं करायचं म्हणजे कष्ट. शिवाय त्याची परत उडायची वेळ झाली होती.

"त्याहून सोपं करतो," तो म्हणाला. "जंगलात कोणाला कुठेच अडवत नाहीत?"

"महाराजांना."

"मग ज्याचं जुळत नाही, तो महाराज समजावा. तक्रारच मिटली!"

सिंहाने त्याच्या गळ्यात कमळांचा हार घातला. करकोचा उडाला.

गोदी पुन्हा टेकडी चढली. रानडुकराने कमरेत वाकून मुजरा केला. "यावं महाराज! सगळं कोठार आपलंच आहे."

कोठार तिचं होतं. आत मात्र काही नव्हतं. बोगद्यातले मासे नव्हते, अस्वलाचा मध नव्हता, खारीच्या शेंगाही नव्हत्या.

तेवढ्यात खरे महाराज आले. भुकेले.

"माझं हरीण?"

"आपण मघाशीच नेलंत, महाराज," रानडुक्कर म्हणाला. "मग परत येऊन मध नेलात. तेव्हा जरा चिखलाने माखला होतात."

सिंहाने डरकाळी फोडली. बंदोबस्त कडक झाला. यापुढे पंजाही दाखवायचा, वासही द्यायचा आणि वर दोन साक्षीदार आणायचे. तपासायला जाणकार हवा होता. कोठाराची खडान्खडा माहिती फक्त कोल्ह्याला होती. त्याला नेमलं.

रिकाम्या कोठाराच्या दारात कोल्ह्याने पहिलं गोदीलाच थांबवलं. "पंजा, ताई."

गोदीने पंजा दाखवला. अगदी जवळून, त्याच्या नाकावर, नखांसकट. मग ती खाली गेली, एकेक पिल्लू तोंडात धरलं आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या ओढ्यावर नेऊन ठेवलं. तिथे कोठार नव्हतं. मासे होते.

तात्पर्य : आपली वस्तू सोडवायला जाताना अंगाला चिखल फासून जावं. ओळख पटवावी लागते ती मालकाला. चोराचं सगळीकडे जुळतं.