वायर उपटून अल्टरनेटर पास

आमच्या कालव्याकाठच्या बारा गावांत ट्रॅक्टरचा अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डायनमो, तपासावा तर उस्ता बसयूनीनंच, म्हणजे मीच! उस्ता म्हणजे आमच्याकडचा मिस्त्री. इतर मेकॅनिक मीटर लावतात, आकडे वाचतात, डोकं खाजवतात. मी इंजिन सुरू करतो आणि चालू इंजिनावर बॅटरीची वायर उपटतो. इंजिन धडधडत राहिलं, की अल्टरनेटर पास.

गुरुवारी माझ्या लेकीचं, विसामचं सामान सासरी जायचं होतं. आमच्याकडे नवरीचं सामान गुपचूप जात नाही. फ्रीज, कपाट, कापसाच्या गाद्या ट्रॉलीवर उघड्या मांडायच्या, ट्रॅक्टरला दिव्यांच्या माळा आणि दोन स्पीकर लावायचे. सासरचं अख्खं गाव दारात उभं राहून बघतं. वाजतगाजत गेलं तर पोरीची मान ताठ, नाहीतर म्हातारपणापर्यंत टोमणे.

बुधवारी व्याही हाजी शलबी चहाला आले. एवढे दिवे एका बॅटरीला झेपतील का, अशी त्यांना शंका. मी उठलो, इंजिन सुरू केलं आणि वायर उपटली. ठिणगी उडाली, इंजिन चालूच! हाजी बघतच राहिले. विसाम शेती यंत्रांचा डिप्लोमा झालेली, ती मीटर घेऊन आली.

"बाबा, दिवे लावून मीटरवर बघू या ना. चौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत."

"नवरीनं मेंदी बघावी," मी म्हणालो.

त्यानंतर चार्जिंगचा लाल दिवा काही विझेना. दृष्ट लागू नये म्हणून मी त्याच्यावर निळा मणी टांगला.

गुरुवारी दिवस मावळताना निघालो. विसाम हट्टानं गाद्यांवर बसून आली. सासरच्या गावाचा पूल दिसू लागला आणि स्पीकरमधल्या गायकाला पेंग आली. माळा पिवळ्या पडल्या, मग विझल्या. विसामनं खाली उतरून मीटर लावला.

"अकरा. काल वायर उपटलीत, तेव्हाच अल्टरनेटर जळला."

"मग इंजिन कसं चालू राहिलं?"

"बाबा, हे डिझेल इंजिन आहे. एकदा सुरू झालं की बॅटरीशिवायही चालतं. अल्टरनेटर घरी काढून ठेवला असता, तरी तो तुमच्या परीक्षेत पास झाला असता."

वीस वर्षांत मी पास केलेले सगळे ट्रॅक्टर माझ्या डोळ्यांपुढून गेले. लाज वाटली. पण खरं सांगतो, त्याहून जास्त अभिमान वाटला. पोरगी कुणाची आहे!

मी हाजींना फोन केला, तुमचा ट्रॅक्टर घेऊन या, माळा त्याला लावू. दहा मिनिटांत ते स्वतःच चालवत आले, चेहरा नुसता फुललेला.

"उस्ता, काल घरी जाऊन मीही वायर उपटली. इंजिन एकदम मस्त चाललं! रात्री दिवे लावून नांगरलंसुद्धा. आज सकाळी मात्र चौघांनी ढकलून सुरू करावा लागला, आणि दिवे तेवढे लागत नाहीत."

हसू लपवायला विसामनं तोंडाला ओढणी लावली. शेवटी सोबत आलेल्या बायकांनीच गाणी धरली, ट्रॉलीतलं पातेलं बडवायला घेतलं, आणि दोन मुक्या ट्रॅक्टरांमागून विसामचं सामान दणक्यात सासरी पोचलं. दारादारांतून लोक विचारत होते, दिवे कुठे, स्पीकर का बंद? हाजी प्रत्येकाला छाती काढून सांगत होते की दोन्ही ट्रॅक्टर उस्ता बसयूनीच्या पद्धतीनं तपासलेत. मी मागून म्हणत होतो, हाजी, जरा हळू बोला.