चहा पातळ, टीम खाली

आमच्या शेजारचा एझ्रा चेउलकर फुटबॉलची टीम चहावरून ओळखतो. खेळाडू कोण, मॅनेजर कोण, काही विचारत नाही. मैदानात शिरला की सरळ चहाच्या खिडकीशी. खिशातून घरचा स्टीलचा चमचा काढतो, चहा ढवळतो, एक घोट तोंडात धरतो आणि डोळे मिटतो. मागे रांग खोळंबलेली. मग घोट गिळतो आणि म्हणतो, "सतरावी. लिही."

म्हणजे ही टीम यंदा सतरावी येणार. लिहायचं मी.

या टीमा टीव्हीवर दिसतात तसल्या नव्हेत. आमच्या हाउन्सलोहून दोन बसा बदलून जावं लागतं असल्या मैदानांवरच्या आहेत. बघायला दोनशे माणसं आणि पाचसहा कुत्री. गोलकीपर आठवडाभर लोकांचे नळ दुरुस्त करतो. लीगमध्ये बावीस टीमा, शेवटच्या चार दरसाल आणखी खालच्या लीगमध्ये ढकलतात. एझ्रा जुलैपासून, सरावाचे सामने सुरू झाले की, एकेका मैदानावर जाऊन चहा पितो. लांबच्या तीन टीमांचा चहा त्याचे जुने ड्रायव्हर दोस्त थर्मासमधून आणून देतात. ऑगस्टपर्यंत बावीसच्या बावीस नंबर ठरतात, आणि खाली जाणाऱ्या चार टीमांवर तो शुक्रवारी बेटिंगच्या दुकानात जाऊन पैसे लावतो.

मी म्हटलं, चहाचा आणि फुटबॉलचा संबंध काय? तर म्हणाला, "ज्याला चहापत्ती परवडत नाही, त्याला बॅक कुठून परवडणार? चहा पातळ, टीम खाली. जीभ फसत नाही, गणपत."

जीभ दरसाल फसते. अकरा वर्षांच्या वह्या आहेत. अकरा वर्षांत एझ्रा जिला बुडेल म्हणाला ती प्रत्येक टीम तरली. एका साली ज्या टीमला त्याने बाविसावी लिहिलं, ती पहिली आली. उघड्या बसमधून त्यांची मिरवणूक निघाली ती नेमकी आमच्याच रस्त्याने. एझ्रा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, ड्रायव्हर ब्रेक फार जोरात मारतोय.

तो स्वतः पस्तीस वर्षं बस चालवायचा. मी विमानतळावरच्या किचनमध्ये ट्रे धुवायचो. दोघांचे दरवाजे भिंतीला भिंत. तो बेने इस्रायली, मुंबईत जन्मलेला, मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. शनिवार पाळतो, पण स्वतःच्या पद्धतीने. शनिवारी पेन धरत नाही, पैशाला हात लावत नाही. बसमध्ये मात्र बसतो. मी विचारलं, ते कसं चालतं? म्हणाला, चालवतो तो दुसरा, मी नुसता बसतो.

सामने शनिवारी. म्हणून वही माझ्याकडे आणि चहाचे पैसेही माझ्याकडे. धर्म त्याचा, त्यातलं निम्मं पुण्य माझ्या नावावर लागायला हवं.

हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो आणि त्याचा शनिवार संपतो. मी एकदा वही पुढे केली, म्हटलं, आता तू लिही. तर म्हणाला, एका वहीत दोन हातांचं अक्षर वाईट दिसतं.

पण त्या वहीत दोन हातांचं अक्षर होतंच. आधी वही आमची सुमन लिहायची. ती सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. दर शनिवारी ती एझ्राबरोबर मैदानात जायची, थंडीत पायावर शाल घेऊन बसायची. मी घरी झोपायचो. आता वाटतं, जायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्याच ऑगस्टात एझ्रा वही घेऊन माझ्या दारात. म्हणाला, "लिही." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, माझी बायको गेली आणि तू मला बॉल दाखवायला आलास? तो म्हणाला, तिची वही अर्धी राहिली आहे, पानं वाया कशाला घालवायची. मी चौथी पास. इंग्रजी नावं मराठीत लिहितो, तीही वाकडी. तरी गेलो. दुसऱ्या शनिवारी पण गेलो.

घरी मला भातच येतो. एझ्रा भिंतीपलीकडून रोज विचारतो, आज काय, भात की भात?

आता यंदाचं सांगतो. एझ्राची मुलगी रूथ लीड्सला हॉस्पिटलात औषधांच्या खात्यात आहे. बाप गेल्या हिवाळ्यात बाथरूममध्ये घसरला तेव्हापासून तिने धोशा लावला, इकडे या. मलाही फोन करायची. "काका, तुम्ही सांगा ना पप्पाला. माझा घरात एक रूम खाली आहे. हीटिंग पण चांगला आहे." पोरगी चुकीचं काही बोलत नव्हती. पण मी सांगितलं नाही. विसरलो म्हणालो. तीन वेळा विसरलो.

शेवटी ऑगस्टात एझ्राने फोनवर माझ्यासमोर तिला शब्द दिला. ब्रुकमिल यंदा खाली गेली तर मी लीड्सला येतो. वाचली, तर वर्षभर विषय काढायचा नाही. ब्रुकमिल म्हणजे आमची टीम, मैदान घरापासून एका बसवर. रूथला फुटबॉलमधलं काही कळत नाही. ती बरं म्हणाली.

शनिवारी आम्ही ब्रुकमिलला गेलो. तिथे चहाला डोरीन असायची, चमचा उभा राहील असा चहा करायची. ती बहिणीकडे राहायला गेली आणि तिच्या जागी क्लबने मशीन बसवलं होतं. बटण दाबा, कप भरा. एझ्राने घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. मग म्हणाला, "एकोणिसावी. लिही."

एकोणिसावी म्हणजे खाली. मी पेन थांबवलं. म्हटलं, अरे, तू शब्द काय दिलास आणि लिहायला काय सांगतोस? तो हसला. म्हणाला, अकरा वर्षांत माझ्या तोंडून गेलेली कुठली टीम बुडाली सांग बरं. मी म्हटलं ना खाली, आता तिला कोणी खाली नेऊ शकत नाही.

मी खुशीत लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.

आणि यंदा जीभ खरी ठरायला लागली. नाताळापर्यंत त्याच्या चारही टीमा तळाला. दुकानातली पोरगी त्याला बघून पूर्वी हसायची, ती आता इतर गिऱ्हाइकांना सांगायला लागली, हे चहावाले अंकल. एझ्राला आनंद व्हायला हवा होता. झाला पण. अकरा वर्षांनी कोणाचं तरी खरं होतंय, त्याला काय वाटेल? मान ताठ करून दुकानातून बाहेर यायचा आणि बसस्टॉपपर्यंत पोचेतो ती खाली आलेली असायची.

मला ऑफसाइड अजून कळत नाही. तरी फेब्रुवारीत मी गणपतीला नारळ बोललो, एका ड्रॉसाठी. ड्रॉ झाला, नारळ वाढवला. पुढच्या आठवड्यात चार गोल खाल्ले.

मार्चमध्ये आम्ही टोल्डनला गेलो. ती टीम ब्रुकमिलच्या जरा वर होती, म्हणून एझ्राला त्यांचा चहा पुन्हा तपासायचा होता. तिथे त्यांचा नऊ नंबरवाला, तांबड्या केसांचा एक लंबू, रेफ्रीला काहीबाही बोलला. रेफ्रीने लाल कार्ड दाखवून बाहेर काढला. जाताना त्याने चहाच्या खिडकीजवळचा कचऱ्याचा डबा लाथाडला आणि माझा कप माझ्याच पँटवर. एझ्रा म्हणाला, "लिही. नऊ नंबर, लाल." मी पँट पुसत लिहिलं.

दोन आठवड्यांनी टोल्डन आमच्याकडे आली. आम्ही हरलो. दोन्ही गोल त्याच लंबूने केले. मी म्हटलं, एझ्रा, हा तर माझी पँट खराब करणारा. एझ्राने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या हातातली वही मागून दोन पानं मागे उलटली. परत दिली. म्हणाला, "लिही. नऊ नंबर, दोन गोल." बसमध्ये बोटांवर काहीतरी मोजत बसला.

शेवटच्या शनिवारी ब्रुकमिलला नुसता ड्रॉ पुरे होता. शेवटची पाच मिनिटं राहिली होती. तेवढ्यात आमच्याच एका बॅकने, कोणी मागे नसताना, इतका सुंदर हेडर मारला की टाळ्याच वाजवाव्यात. फक्त तो आमच्याच गोलात. ब्रुकमिल एकोणिसावी. टोल्डन एका पॉइंटने वर, वाचलेली.

एझ्राच्या चारही टीमा बरोबर आल्या. जन्मात पहिल्यांदा. मी म्हटलं, जिंकलास. तो हो म्हणाला. हातात चिप्सचा पुडा होता, तो तसाच बाकावर ठेवून, माझ्याकडची वही काखेत मारून उठला.

घरी आल्यावर मला काय करावं सुचेना. माळ्यावरून सुमनची निळी बॅग काढली. विमानतळावर चटकन ओळखू यावी म्हणून तिने मुठीला लाल रिबन बांधलेली. ती घेऊन त्याच्या दारात गेलो. म्हटलं, घे, चाकं चांगली आहेत. आणखी काय बोलणार? राहा म्हणायला मी त्याचा कोण?

त्याने बॅग फुटपाथवर दोन पावलं ओढून बघितली. रिबनला हात लावला. म्हणाला, आवाज करत नाही. आणि आत जाऊन दार लावलं.

तीन आठवडे बॅग त्याच्या पॅसेजमध्ये उभी. आत एक मोजासुद्धा गेला नाही. रूथ फोन करायची, तो म्हणायचा, भरतोय. दुकानातली पोरगी निरोप धाडायची, अंकल, चिठ्ठी घेऊन या, पैसे घेऊन जा. गेला नाही. मला वाटलं, म्हातारा आजारी पडणार.

मग एका दुपारी भिंतीवर धडाधड ठोकलं. गेलो तर एझ्रा लाल झालेला. वाटोळं झालं, म्हणाला. टोल्डनने कोणी बंदी असलेला खेळाडू खेळवला होता म्हणे, लीगने तीन पॉइंट कापले. टोल्डन खाली, ब्रुकमिल अठरावी, वाचली. "अकरा वर्षांत एकदा चार बरोबर आले, त्यातला एक यांनी खाल्ला." दिवसभर तो रस्त्यावर भेटेल त्याला हे सांगत होता. पोस्टमनला सांगितलं. कचऱ्याच्या गाडीवाल्यालाही.

रूथ फोनवर म्हणाली, पप्पा, हा चीटिंग आहे. तो म्हणाला, मी काय करू, टेबल बघ. तीही शेवटी हसली. म्हणाली, मग बाथरूममध्ये पकडायला दांडा तरी लावून घ्या.

दुकानातल्या पोरीने पुन्हा सांगितलं, आम्ही शेवटच्या सामन्याच्या टेबलावर पैसे देतो, तुमचे पैसे तुमचेच. एझ्रा म्हणाला, चुकलेल्या अंदाजाचे मी घेत नाही. माझ्यासमोर चिठ्ठी फाडली.

त्यानंतरच्या मंगळवारी माझ्या दारातून एक पाकीट आत पडलं. मी पाकिटावरचं नाव बघत नाही, सुरीने उघडतो. माझ्याकडे येऊन येऊन काय येणार, गॅसचं बिल. पण हे लीगचं पत्र होतं, एझ्राच्या नावाचं. पोस्टमनने घर चुकवलं होतं.

बंद करायला हवं होतं. पण आत माझं अक्षर दिसलं.

माझ्या वहीच्या दोन पानांची झेरॉक्स. 'नऊ नंबर लाल'. 'नऊ नंबर दोन गोल'. बाजूला एझ्राने इंग्रजीत अर्थ लिहिलेला. मग मी बोट ठेवून पत्र वाचलं. तासभर लागला. लाल कार्ड मिळालेल्याला दोन सामने बाहेर बसवायचं असतं, हा दुसऱ्यालाच उतरला होता, आणि ते लीगमध्येही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुमच्या पत्राबद्दल आभार. तुम्ही आणि तुमचे सहकारी मिस्टर गणपत साळवी यांनी ठेवलेल्या चोख नोंदींबद्दल विशेष आभार.

मला आजवर चोख कोणी म्हटलं नव्हतं. सुमनने तर नाहीच.

पत्रात एझ्राने पाठवलेल्या पत्राची तारीख दिली होती. मी कॅलेंडरवर शोधली. शनिवार होता. शेवटच्या सामन्याचा, बॅग दिली तो शनिवार. लिहायला बसला तेव्हा सूर्य मावळला होता की नव्हता, मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

घरात गोंद नव्हता. लहानपणी करायचो तसं पातेल्यातला भात घेतला, चार शितं चुरडून पाकीट चिकटवलं आणि त्याच्या दारातून आत सरकवलं.

बुधवारी तो आला. एका हातात सुमनची बॅग, दुसऱ्या हातात नवी वही. जुनी संपली होती. बॅग कोपऱ्यात ठेवली, रिबन सारखी केली. खुर्चीवर बसला.

"गणपत, काल भात केला होतास?"

"रोजच करतो."

"कुठला?"

"बासमती."

"तरीच. पाकीट नुसतं उचललं तर उघडलं." त्याने वही माझ्याकडे सरकवली. "आंबेमोहोर आणत जा. तो चिकटतो."

मी वहीचं पहिलं पान उघडलं. मग त्याने घसा खाकरला.

"लिही."

शनिवार नव्हता. तरी मी पेन उघडलं.